डोक्यावरून जाणारे विमान आणि दोन एकरांचा सवाल



बारामती, धुळे, गोंदिया या बाजूला ज्यांचे शिवार आहे, त्यांना छोट्या विमानाचे नवल राहिलेले नाही. सकाळी उसाला पाणी देत असताना ते घरघर करीत डोक्यावरून जाते, लांब वळसा घेते, धावपट्टीकडे उतरते आणि पुन्हा वर येते. पोरे आता मान वर करून ओरडतही नाहीत. पण त्यात बसलेले पोर कोणाचे, ते काय शिकते, त्याला किती खर्च येतो, हे आपण कधी विचारीत नाही.

मलाही विचारायची वेळ आली नव्हती. उसावरच्या हुमणीची बैठक आटोपून मी फटफटीला किक मारत होतो, तेवढ्यात एका शेतकऱ्याने मला बाजूला घेतले. वयाने माझ्याएवढेच. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. म्हणाले, "साहेब, धाकटी पोरगी बारावीला हाय. विमान चालवायला शिकायचं म्हणती. पाहुणे म्हणत्यात, दोन एकर काढा आन् घाला पोरीला. काढू का?"

मी बी.एस्सी. कृषी. खताची मात्रा विचारा, कीड विचारा. विमानातले मला काय कळणार? पण दोन एकर विकायचे की नाही, हा प्रश्न शेतीचाच आहे. म्हणून त्या बापलेकीला घेऊन, रीतसर परवानगी काढून, मी एका धावपट्टीवर गेलो. तिथल्या शिक्षकांशी आणि विमानाची देखभाल करणाऱ्या इंजिनिअरशी दिवसभर बोललो. पुढे पुस्तकेही वाचली. जे समजले ते इथे सांगतो.

प्रथम ते यंत्र. शिकवायला जगभर वापरलेले सेसना १५२ हे दोन आसनांचे विमान १९७७ ते १९८५ या काळात तयार होत होते. आजही ती विमाने उडतात. इंजिन ११० अश्वशक्तीचे. रिकाम्या विमानाचे वजन पाचशे किलोच्या आसपास, म्हणजे एका दांडग्या बैलाएवढे. माणसे आणि इंधन धरून ७५७ किलोच्या वर ते भरायचे नाही. दोन धडधाकट माणसे बसली की टाकी काठोकाठ भरता येईलच असे नाही. आपल्या ट्रॉलीत आणखी चार मोळ्या टाकल्या तर फार तर टायर बसेल. इथे तसे चालत नाही. ताशी वीस-बावीस लिटर इंधन लागते. चार आसनांचे सेसना १७२ हे त्याचे थोरले भावंड. १९५६ पासून त्याची चव्वेचाळीस हजारांहून अधिक विमाने बनली. जगात इतक्या संख्येने दुसरे कोणतेच विमान बनलेले नाही.

ट्रॅक्टर चालवणाऱ्याला यातल्या काही गोष्टी लगेच उमगतात आणि काही उलट्या पडतात. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात, तसेच विमानालाही असतात, दोन्ही पायांत. पण जमिनीवर चालताना विमान हाताने वळत नाही, पायाने वळते. तात्यांची लेक ट्रॅक्टर चालवते. शिक्षकांनी उभ्या विमानात बसवल्यावर तिने आधी हातातले चाक फिरवले, आणि ते हसले. म्हणाले, मोटार-ट्रॅक्टर येणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी हेच करतो.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. उफणणीला उभे राहताना आपण आधी वारा बघतो. विमान चढताना आणि उतरताना वाऱ्याला तोंड देऊनच चढते-उतरते. त्यामुळे कमी धावेत काम होते. धावपट्टीच्या कडेला कापडी पिशवी फडफडत असते, ती त्यासाठीच. तिसरी गोष्ट उन्हाची. तापलेली हवा विरळ होते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो आणि पुढचा पंखाही हवेला नीट धरत नाही. बेताच्या हवेत, समुद्रसपाटीला, हे विमान सव्वादोनशे मीटर धावून जमीन सोडते. मे महिन्यातल्या दुपारी आपल्याकडे त्याला बरेच जास्त धावावे लागते. म्हणून शिकाऊ विमाने पहाटे जास्त दिसतात.

आणि चौथी गोष्ट, जी मला सर्वांत पटली. उड्डाणापूर्वी शिकणाऱ्याने स्वतः विमानाभोवती फिरून हात लावून तपासणी करायची. टाकीच्या तळातून थोडे इंधन पारदर्शक पेल्यात काढून बघायचे. या पेट्रोलला निळसर रंग दिलेला असतो. पाणी असेल तर ते खाली बसते आणि वेगळे दिसते. डिझेल इंजिनाच्या फिल्टरमधले पाणी आपण किती वेळा काढतो? ज्याचे त्याने मनाशी उत्तर द्यावे. पंखाखाली बोटाएवढी एक नळी असते. समोरून येणारी हवा तीत शिरते आणि त्यावरून वेग कळतो. विमान उभे असताना या नळीवर लाल फीत लावलेले टोपण घालतात. का? तर आपल्या दाराच्या कडी-कोयंड्यात मातीचे घर करणारी कुंभारीण माशी या नळीतही घर करते. १९९६ साली डॉमिनिकन प्रजासत्ताकात एक मोठे प्रवासी विमान उड्डाणानंतर समुद्रात पडले आणि त्यातले १८९ लोक गेले. त्याची ही नळी बंद होती, वेग चुकीचा दिसत होता. विमान काही दिवस टोपणाविना उभे होते, आणि बहुधा या माशीनेच नळी बुजवली, असा तपासणाऱ्यांचा अंदाज होता. मी कीटकशास्त्र शिकलेला माणूस, पण या माशीकडे मी कधी अशा नजरेने पाहिले नव्हते.

आता शेतकरी आणि विमान यांच्या जुन्या नात्याबद्दल थोडे. पिकावर औषध टाकण्यासाठी विमान प्रथम वापरले गेले ते ३ ऑगस्ट १९२१ रोजी, अमेरिकेच्या ओहायो राज्यात. कॅटाल्पा नावाच्या झाडांची पाने अळीने खाल्ली होती, त्यांवर शिसे आणि सोमल यांच्या विषाची भुकटी उधळली. त्या विषाचे आज कोणी नावही काढू नये. पुढे कपाशीवरच्या बोंडभुंग्यासाठी भुकटी उधळणारी एक कंपनी निघाली, तीच वाढत वाढत आजची डेल्टा ही मोठी विमान कंपनी झाली. (हा भुंगा वेगळा, आपली बोंडअळी वेगळी.)

पण ती झाली भाड्याची फवारणी. स्वतःच्या मालकीचे विमान ठेवणारे शेतकरीही तिकडे होते. १९४४ साली ओक्लाहोमा राज्यात अशांनी 'उडते शेतकरी' या नावाची संघटनाच काढली. त्यांची शेते शेकडो एकरांची, गाव लांब. सुगीत कापणी यंत्राचा भाग मोडला तर विमानाने जाऊन तासाभरात घेऊन यायचे. चुकलेली जनावरे वरून शोधायची. पीक कुठे पिवळे पडले, कुठे पाणी साचले, हे बांधावरून दिसत नाही, वरून दिसते. त्या काळी पायपर कब हे विमान तिकडे फार होते. इंजिन ६५ अश्वशक्तीचे, रिकामे वजन साडेतीनशे किलोही नाही. महायुद्ध संपल्यावर उडायला शिकलेले हजारो तरुण गावी परतले होते, आणि जुनी विमाने स्वस्तात मिळत होती. उतरायला स्वतःचे कुरण होतेच.

मात्र तिथेही पुढे हे परवडेनासे झाले. अपघातांचे दावे आणि विम्याचा बोजा एवढा वाढला की सेसना कंपनीने १९८६ साली एक इंजिनाची छोटी विमाने बनवणेच थांबवले. १९९४ साली कायदा बदलला, आणि १९९६ साली कारखाना पुन्हा सुरू झाला. आता तिकडेही पुष्कळ जण चार-पाच जणांत मिळून एक विमान घेतात. विहिरीच्या पाण्याची पाळी असते तशी उडण्याची पाळी. भांडणे होतात का, असे मी त्या इंजिनिअरना विचारले. ते म्हणाले, उडण्याच्या पाळीवरून होत नाहीत, दुरुस्तीच्या बिलावरून होतात.

आपल्याकडे विमान घेता येत नाही असे नाही. पण घेण्याचा खर्च निम्मा आणि सांभाळण्याचा निम्मा, असे म्हटले तरी सांभाळण्याचे पारडे जड भरेल. सरकारी नोंदणी, दरवर्षीची तपासणी, विमा, उभे करायला छपराखाली जागा. ट्रॅक्टरला तासांचे मीटर असते तसे यालाही असते. दर पन्नास आणि शंभर तासांनी इंजिन उघडून बघायचे, आणि दोन हजार तासांच्या सुमारास ते पूर्ण खोलून नवे करायचे. ते चांगले चालले असले तरी! खास पेट्रोल लागते, ते कोपऱ्यावरच्या पंपावर मिळत नाही. हे पेट्रोल २०२२ साली बडोद्याच्या रिफायनरीत बनू लागले. त्याआधी बाहेरून आणावे लागे. आणि परवानगीवाचून स्वतःच्या वावरात उतरता येत नाही, मग वावर कितीही सपाट असो. अमोल यादव या मराठी वैमानिकाने कांदिवलीतल्या घराच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान तयार केले. ते २०१६ साली मुंबईच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले, पण सरकारदरबारी नोंदणी व्हायला २०१७ उजाडले.

आता तात्यांच्या प्रश्नाकडे. परवाने दोन प्रकारचे असतात, आणि इथेच गावात मोठा घोटाळा होतो. पहिला खासगी परवाना. वय सतरा पूर्ण, शिक्षण दहावी, वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि किमान चाळीस तासांचे उड्डाण. त्यातले काही तास एकट्याने. जे.आर.डी. टाटांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी आपल्या देशातला पहिला परवाना मिळवला, तो मुंबईच्या फ्लाइंग क्लबमध्ये शिकूनच. या परवान्यावर स्वतः उडता येते, घरच्यांना नेता येते, पण पगार घेता येत नाही. दुसरा व्यावसायिक परवाना. वय अठरा, दोनशे तास, तपासणी आणि परीक्षा जास्त कडक. नोकरी मागता येते ती यावर, आणि तीसुद्धा लगेच नाही; मोठ्या प्रवासी विमानाचे शिक्षण पुढे वेगळे घ्यावे लागते, त्याचे पैसेही वेगळे. आज एका तासाच्या उड्डाणाचा दर दहा हजारांच्या पुढे आहे. दोनशे तास, राहणे, परीक्षा, सगळे धरले की आकडा चाळीस-पन्नास लाखांच्या पुढे जातो.

माझ्या मागच्या नेमणुकीच्या गावात एका घराने तीन एकर बागायत काढून मुलाला असे शिकायला घातले होते. संस्थेचे नाव मी घेत नाही. पूर्ण फी एकदम भरली. विमाने सहा सांगितली होती, उडणारी दोन निघाली. दीड वर्षाचे शिक्षण चार वर्षे चालले. मुलगा हुशार होता, त्याला परवाना मिळाला. पण तेव्हा नोकऱ्यांची मंदी होती. त्याचे वडील मला बाजारात भेटत, तेव्हा विमानाचा विषय काढत नसत. मीही काढत नसे. त्या वेळी त्यांनी मला विचारले होते आणि मी "पोराचं कल्याण होईल" म्हणून मोकळा झालो होतो, चौकशी न करता. ते मला आजही टोचते.

म्हणून सांगतो. फी भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्या. चष्मा चालतो, पण रंग ओळखता आले पाहिजेत. कानाचा किंवा हृदयाचा दोष निघाला तर तिथेच थांबता येते, आणि फक्त तपासणीचा खर्च जातो. मग संस्थेत जा. कार्यालयात बसू नका, मैदानात उभे राहा. आज किती विमाने उडाली ते मोजा. शिकणाऱ्या मुलांना बाजूला घेऊन विचारा, की महिन्यात किती तास मिळाले. शिक्षक किती, ते टिकतात का. पैसे टप्प्याटप्प्याने भरा आणि पावती घ्या. एकरकमी भरल्यास सूट देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा. बँकेचे शैक्षणिक कर्ज आणि सरकारी शिष्यवृत्ती यांची चौकशी जमिनीच्या आधी करा. पोराला किंवा पोरीला एकदा शिक्षकाबरोबर वर पाठवा. काहींचे पोट ढवळते, काहींचे मन तिथेच रमते. हे घरी बसून ठरत नाही.

तात्यांच्या लेकीने हे केले. अर्ध्या तासाचे उड्डाण झाले. खाली उतरली तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता. मग म्हणाली, "दादा, आपला मळा वरून वळखला. विहिरीकडचा कोपरा पिवळा पडलाय." दोघे घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्या कोपऱ्यात खणून पाहिले तर हुमणी होतीच.

दोन एकर अजून तात्यांच्याच नावावर आहेत. मुलगी बी.एस्सी.ला बसली आहे. पहिल्या वैद्यकीय तपासणीत ती पास झाली, दुसऱ्या, कडक तपासणीची तारीख उसाचे बिल आल्यावर घ्यायची आहे. कर्जासाठी मी त्यांच्याबरोबर बँकेत एकदा जाऊन आलो. साहेबांनी कागदांची यादी दिली आहे, त्यातला सातबारा तेवढा तात्यांनी अजून काढलेला नाही.