ब्लॉक करू की नको?

रात्रीचे दोन वाजलेत. सकाळी सबमिशन आहे. आणि तुम्ही 'त्याचं' किंवा 'तिचं' लास्ट सीन बघताय. नवीन फोटोत शेजारी कोण उभं आहे, कुणी हार्ट टाकलंय... 'एवढं बघते आणि झोपते' म्हणत तास जातो. मग स्वतःचाच राग येतो. मित्रमैत्रिणी म्हणतात, 'सोड ना यार!' पण सोडायचं कसं, हे कुणीच सांगत नाही.

आधी एक गोष्ट क्लिअर करूया. तुम्ही वेडे नाही आणि कमकुवतही नाही. तुमच्या मेंदूला तलफ आलीये.

अमेरिकेतल्या हेलन फिशर आणि त्यांच्या टीमने २०१० मध्ये एक अभ्यास मांडला. जोडीदार सोडून गेलाय, पण प्रेम संपलेलं नाही, अशा १५ जणांना 'एक्स'चा फोटो दाखवून त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. कोकेनची तलफ येते तेव्हा मेंदूचे जे भाग जागे होतात, त्यातलेच काही इथेही जागे झाले होते.

आणि दुखतं ते? तेही खरंच. २०११ मध्ये ईथन क्रॉस यांच्या टीमने ४० जणांना एकदा एक्सचा फोटो दाखवला आणि एकदा हाताला सोसेल इतका चटका दिला. शरीराच्या वेदनेशी जोडलेले मेंदूतले काही भाग दोन्ही वेळा उजळले. आपण 'जिवाला चटका लागला' म्हणतो, ते अगदीच उगाच नाही.

मग करायचं काय?

फोन लांब : तारा मार्शल यांनी २०१२ मध्ये ४६४ जणांचा अभ्यास केला. एक्सचं फेसबुक प्रोफाइल सारखं बघणाऱ्यांमध्ये त्रास आणि ओढ दोन्ही जास्त दिसली. बघितल्यामुळे त्रास वाढतो की त्रास होतो म्हणून बघितलं जातं, हे त्यावरून ठरत नाही. पण सिगारेट सोडताना कुणी पाकीट उशाशी ठेवतं का? ब्लॉक करणं जड जात असेल तर निदान म्यूट करा. एकाच वर्गात असाल तर समोर येणं टळणार नाही, रात्रीचं स्क्रोलिंग मात्र टळेल.

दोष आठवा, पण बेतानं : २०१८ च्या एका प्रयोगात २४ जणांना एक्सचे दोष आठवायला सांगितलं. प्रेम थोडं कमी झालं, पण मूड आणखी बिघडला. दुसरीकडे मन वळवल्यावर मूड सुधारला, प्रेम मात्र होतं तिथेच राहिलं. म्हणून दोषांची यादी दिवसा करा. रात्री मॅच बघा, भावंडांशी पत्ते कुटा, आईला भाजी निवडून द्या.

बोला : झोप, जेवण, कॉलेज सगळंच सुटलं असेल, जगावंसं वाटत नसेल, तर एकटे राहू नका. घरच्या कुणाला किंवा जवळच्या मित्राला लगेच सांगा. सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनचा नंबर आहे १४४१६. कॉल मोफत आहे, २४ तास कधीही करा.

फिशर यांच्या त्याच स्कॅनिंगमध्ये आणखी एक गोष्ट दिसली होती. ब्रेकअपला जितके जास्त दिवस झाले होते, तितकी ओढीशी जोडलेल्या एका भागातली हालचाल कमी होती. म्हणजे दिवस जातात तसा मेंदू हळूहळू सावरतो. तुम्ही फक्त आज रात्री फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा.