उसातील तणनाशकाची वाफ व शेजारची द्राक्षबाग

हिरवा चारा कापला की त्याचा वास बांधापलीकडे जातो. हळद शिजू लागली की तिचा दरवळ सबंध शिवारात पसरतो. पिकातून निघालेले अतिसूक्ष्म पदार्थ हवेत मिसळून आपल्यापर्यंत येतात, म्हणून हा वास आपणांस जाणवतो. अशा पदार्थांना बाष्पनशील, म्हणजे सहज उडून जाणारी, सेंद्रिय संयुगे असे म्हणतात. शेत आणि वातावरण यांच्यामध्ये त्यांची देवघेव अहोरात्र चालू असते. ही देवघेव नीट ध्यानात न घेतल्यामुळे सातारा व सांगली जिल्ह्यांत उसाच्या रानाशेजारील द्राक्षबागांचे नुकसान होते आणि बांधाला बांध लागून असलेल्या शेतकऱ्यांत वितुष्ट येते. म्हणून या विषयाची माहिती येथे दिली आहे.

शेत हवेला काय देते व हवेतून काय घेते

प्रत्येक वनस्पती आपल्या पानांतून काही संयुगे हवेत सोडीत असते. ऊन व उष्णता वाढली की हे प्रमाण वाढते. जगातील सर्व वनस्पती मिळून आयसोप्रीन नावाचे एकच संयुग वर्षाकाठी सुमारे ५० कोटी टन हवेत सोडतात, असा अंदाज आहे. अळीने पान कुरतडले की मक्यासारखे पीक निराळा वास सोडते आणि त्या वासाच्या मागावर अळीचे शत्रू असलेले परोपजीवी कीटक येतात.

परंतु शेत केवळ देत नाही, ते घेतेही. हवेतील संयुगे पानाच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतात. तेलकट स्वरूपाची संयुगे पानावरील मेणचट थरात विरघळून आत जातात. काही संयुगे मातीत उतरतात व तेथील जिवाणू त्यांचा फडशा पाडतात. हवेला बांध नसतो. एका शेतातून जे उडते, ते दुसऱ्या शेतात उतरू शकते.

तणनाशकाची वाफ

उसातील रुंद पानांच्या तणांसाठी २,४-डी हे तणनाशक पुष्कळ ठिकाणी वापरले जाते. ते वनस्पतीच्या वाढीच्या संप्रेरकासारखे कार्य करते. रुंद पानांच्या वनस्पतीची वाढ त्यामुळे वेडीवाकडी होऊन ती मरते. ऊस गवतवर्गीय असल्याने तग धरतो. द्राक्षवेल मात्र रुंद पानांची असून या औषधास अतिशय नाजूक आहे. अत्यल्प मात्राही तिला बाधते. कापूस, टोमॅटो, मिरची व कडधान्ये यांनाही त्यापासून धोका आहे.

हे औषध शेजारी दोन मार्गांनी जाते. पहिला मार्ग फवाऱ्याच्या बारीक थेंबांचा. तो फवारणी चालू असेपर्यंतच असतो. दुसरा मार्ग वाफेचा. फवारणी संपली, पंप घरी आला, तरी ऊन तापताच पानांवरील व मातीवरील औषधाची वाफ होऊन ती हवेत मिसळते. ही क्रिया पुढे काही तास, प्रसंगी दुसऱ्या दिवशीही, चालू राहते. २,४-डी निरनिराळ्या स्वरूपांत मिळते. त्यांपैकी इथाइल एस्टर हे स्वरूप फार लवकर उडून जाते. सोडियम व अमाइन क्षारांची वाफ त्या मानाने फारच कमी होते. तथापि त्यांचेही थेंब वाऱ्याबरोबर जाऊ शकतात, हे विसरू नये.

हंगामांची गाठ

कृष्णाकाठी वाळवा, पलूस, कराड या भागांत ऊस आहे. तासगाव, मिरज, खानापूर, तसेच खटाव व माण या भागांत द्राक्षबागा आहेत. पाण्याच्या सोयी वाढल्या, तशी ही दोन्ही पिके अनेक गावांत शेजारी शेजारी आली. सुरू उसातील तण काढण्याचे दिवस आणि द्राक्षाची एप्रिलमधील खरड छाटणी यांची गाठ पडते. पूर्वहंगामी उसातील तण काढण्याचे दिवस ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर येतात. दोन्ही वेळी वेलीवर कोवळी फूट असते व तीच सर्वांत अधिक बाधते. एप्रिलच्या उन्हाने वाफही अधिक होते.

नुकसान कसे ओळखावे

बाधा प्रथम शेंड्याकडील नव्या पानांवर दिसते. पान अरुंद होऊन पंख्यासारखे आखडते, शिरा जवळजवळ येतात, कडांचे दात टोकदार होतात व शेंडा पिळवटतो. फुलोऱ्यात बाधा झाल्यास मणी धरत नाहीत. जुनी पाने बहुधा चांगली राहतात. उसाच्या बाजूच्या ओळींत बाधा अधिक व पुढे पुढे कमी होत गेली असल्यास ती शेजारून आली असावी. सबंध बागेत सारखीच असल्यास आपलाच पंप तपासावा. या बाधेवर उतारा नाही. म्हणून घाईने निरनिराळी औषधे फवारून खर्च वाढवू नये. वेलीस पाण्याचा ताण पडू न देता नव्या फुटीची वाट पाहावी.

काय करावे

१. द्राक्षबागेजवळ एस्टर स्वरूपातील २,४-डी मुळीच वापरू नये. खरेदी करताना डब्यावरील स्वरूपाचे नाव वाचून घ्यावे.

२. वारा बागेकडे वाहत असता फवारणी करू नये. अगदी पडलेला वाराही सुरक्षित नसतो. पहाटे व सायंकाळी जमिनीलगतची हवा थंड होऊन जागीच साचते व वाफ तिच्यात अडकून आडवी सरकते. गुऱ्हाळाच्या धुराड्याचा धूर वर न चढता आडवा पसरत असेल, तर ती वेळ टाळावी. कडक उन्हाची वेळही टाळावी.

३. तोटी जमिनीजवळ धरावी, तिच्यावर कवच बसवावे व दाब कमी ठेवावा.

४. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा. तो पंप बागेत कदापि वापरू नये.

५. खोडव्यात पाचट न जाळता सरीत पसरावे. त्याने तण दबते, ओल टिकते व तणनाशकाची गरज कमी होते. पाचट जाळल्यास धुराबरोबर अनेक हानिकारक संयुगे हवेत जातात.

६. बागेकडील कडेच्या सऱ्यांची खुरपणी करावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी छाटणीपूर्वी दोन्ही पिकांच्या शेतकऱ्यांना एकत्र बसवावे, उसालगतच्या बागांची यादी करावी व फवारणीचा दिवस शेजाऱ्यास आधी कळविण्याची रीत पाडावी. पाणी वाटून घेण्याचे नियम आपल्या गावांना ठाऊक आहेत. हवाही सर्वांच्या वाटणीची आहे. एका सांजेच्या फवारणीने शेजाऱ्याचा वर्षाचा घड जाऊ नये, एवढी दक्षता प्रत्येकाने घ्यावी.