यकृतावरील चरबी आणि तिचा उतारा

सावित्रीच्या काठचें सव हें गांव तेथील उन्हाळ्यांमुळें महाड-पोलादपूर भागांत सर्वांस ठाऊक आहे. ऊन पाण्याच्या स्नानानें अंग मोकळें होतें हा अनुभव पुष्कळांचा आहे. परंतु अलीकडे या भागांतील खातेदारांच्या तोंडीं जी तक्रार ऐकूं येते ती स्नानानें जाणारी नव्हे. पोटाच्या कांहीं किरकोळ दुखण्यासाठीं सोनोग्राफी करविली, आणि कागदावर ‘फॅटी लिव्हर’ असें लिहून आलें. “आम्ही दारूस शिवत नाहीं, अंगानेंही फारसे स्थूल नाहीं, मग हें आमच्या वांट्यास कां?” आणि पाठोपाठ, “यावर गोळी कोणती?” असे दोन प्रश्न आम्हांस विचारण्यांत येतात. त्यांचींच उत्तरें येथें देण्याचें योजिलें आहे.

ज्यांच्या गोठ्यांत दुभतें जनावर आहे त्यांस हा विकार अगदींच अपरिचित नसावा. भाकड काळांत फाजील माजलेली गाय व्याल्यावर चारा टाकते, अंगावरची चरबी वितळून यकृतांत सांचते आणि गाय खंगते. फ्रान्स देशांत तर बदकांस व हंसांस मक्याचे दाणे बळेंच चारून त्यांचें यकृत मुद्दाम चरबट करितात व तें पक्वान्न म्हणून विकितात. तेथें चारा चरबीचा नसून धान्याचा असतो, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. मनुष्याच्या देहांतही हाच व्यापार चालतो. गरजेहून अधिक भात, साखर, मैदा पोटांत गेला म्हणजे यकृत त्याची चरबी बनवितें. साखरेचा एक भाग जो फ्रुक्टोज, त्याचा निकाल तर बहुतांशीं यकृतांतच लागतो. यकृताच्या शेंकडा 5 हून अधिक पेशींत चरबी दिसूं लागली कीं हा विकार झाला असें मानितात. पुढें कांहींच्या यकृतास सूज येते, सुजेचे व्रण होतात, आणि अखेर तें कठीण व निकामी होतें. हें सर्व वर्षानुवर्षें निमूटपणें चालतें. दुखत नाहीं, म्हणूनच तें घातक आहे.

आतां अंगानें बारीक असणाऱ्यांविषयीं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचें एकत्र छायाचित्र 2004 सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झालें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें, निर्देशांक 22.3. पण देहांतील चरबी मोजली तों युडकिन यांची शेंकडा 9.1 व याज्ञिकांची 21.2 निघाली! आपल्या लोकांत स्नायु कमी व पोटाच्या आंत चरबी अधिक, असा हा प्रकार आहे. तेव्हां तराजूवर विसंबून राहूं नये. कंबरेचा घेर पहावा. आपल्याकडे पुरुषांत तो 90 सेंटिमीटरांहून व स्त्रियांत 80 हून अधिक असणें धोक्याचें समजतात.

गोळीविषयीं म्हणाल तर अमेरिकेंत 2024 सालीं रेस्मेटिरोम या औषधास मान्यता मिळाली. पण तीही सूज व व्रण झालेल्यांसाठीं, आणि आहार-व्यायामाच्या जोडीनें. आरंभींच्या अवस्थेंत आहार व श्रम हाच मुख्य उपचार होय. त्याचें मापही ठरलेलें आहे. 80 किलो वजनाच्या मनुष्यानें 4 किलो उतरविले तर यकृतांतील चरबी घटते. साडेपांच किलोंच्या सुमारास सूज ओसरूं लागते. आणि 8 किलो उतरल्यास व्रणही पुष्कळांचे भरून येतात. मात्र घाई नको. आठवड्यास अर्धा ते एक किलो पुरे. कडकडीत उपासांनीं झपाट्यानें वजन उतरविल्यास यकृताची सूज उलट वाढूं शकते.

ताटांतील पालट फार खर्चाचा नाहीं. भाताचा ढीग निम्म्यावर आणावा, आणि उरलेल्या जागीं वालाची उसळ, कुळथाचें पिठलें, पालेभाजी व मिळेल ती मासळी घ्यावी. नाचणीची भाकरी चांगली, पण ती भाताच्या जागीं. भात संपवून वर दोन भाकऱ्या खाल्ल्यानें लाभ कोणता? दिवसांतून पांच वेळां होणारा गोड चहा, बाटलींतील सरबतें व बेकरीचे जिन्नस हेच खरे शत्रु. गूळ साखरेहून निरुपद्रवी आहे ही समजूतही सोडावी. दारू व ताडी अजीबात वर्ज्य.

“आम्ही शेतकरी, आम्हांस व्यायाम काय सांगतां?” असें कोणी म्हणेल. चिखलणी-लावणीच्या दिवसांत हें खरें. पण भात झोडून कणग्या भरल्यावर पुढें काय? नांगरटीस पॉवर टिलर आला, महाडच्या बाजारास जाण्यास फटफटी आली. जेवण मात्र बैलांमागें चालणाऱ्या आजोबांचें राहिलें. आठवड्यास निदान 150 मिनिटें, म्हणजे पांच दिवस अर्धा अर्धा तास, दम लागेल पण बोलतां येईल इतक्या वेगानें चालावें. आंवळलेला स्नायु रक्तांतील साखर स्वतः ओढून घेतो. त्यामुळें वजन तिळभर न घटतांही यकृतांतील चरबी कमी होऊं शकते. बांधबंदिस्ती, खणती, लांकूडफोड हींही कामें मोजावीं.

झाडपाल्याच्या ‘यकृतशुद्धी’च्या नादीं लागूं नये, कांहीं वनस्पतींनीं यकृतासच इजा झाल्याचीं उदाहरणें नमूद आहेत. ज्यांस मधुमेह आहे त्यांनीं आहार कमी करण्यापूर्वीं औषधाचें प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावें, नाहींतर साखर एकाएकीं खालीं जाईल. आणि कावीळ, पोटांत पाणी होणें, रक्ताची उलटी यांपैकीं कांहीं दिसल्यास चालण्याची वेळ टळली असें समजून त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.