उष्णतेचा पंप

पाणी उंचावरून सखल जागी आपोआप वाहते; वर चढवावयाचे तर पंप लागतो. उष्णतेचेही तसेच आहे. शीतकपाट आतली उष्णता बाहेर टाकते; उष्णता-पंप बाहेरच्या हवेतील उष्णता टाकीतल्या पाण्यात आणून सोडतो. ही कल्पना विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८५२ मध्ये मांडली.

१०० लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांवर नेण्यास विजेच्या साध्या हीटरला सुमारे ३.५ युनिट वीज लागते. पंपाने एका युनिटात तीन युनिटांइतकी उष्णता आणली, तर हेच काम सुमारे १.२ युनिटांत होते. आपल्या गलोंड्याची हवा हिवाळ्यातही फारशी गार नसते; हे पंपाच्या पथ्यावरच पडते.

परंतु यंत्र महाग असते. म्हणून आधी मोजणी, मग खरेदी. घरात रोज किती बादल्या ऊन पाणी लागते ते पाहून तेवढ्याच बेताची टाकी घ्यावी. बंद खोलीत यंत्राभोवतालची हवा गार होऊन काम मंदावते. ते मोकळ्या हवेत ठेवावे. टाकी न्हाणीजवळ असावी व नळावर उष्णतारोधक वेष्टन असावे. नाहीतर मिळविलेली उष्णता वाटेतच जाते. आणि घराला दोनच बादल्या पुरत असतील, तर जुना बंबच परवडतो. विचारपूर्वक केलेली मांडणी हीच खरी काटकसर होय.