उंदीर बेटावर, नुकसान समुद्रात



नारळाच्या बागेत उंदीर काय करतो हे कोकणातील बागायतदारांना सांगावयास नको. कोवळी फळे पोखरून तो खाली पाडतो, म्हणून आपण माडाच्या खोडाला पत्रा मारतो. पण हाच उंदीर समुद्रातील मासेही कमी करतो असे कोणी म्हटले तर विश्वास बसणार नाही. हिंदी महासागरातील चागोस बेटांवर नेमके हेच आढळून आले आहे.

मालदीवच्या दक्षिणेस सुमारे ५०० कि. मी. अंतरावर ही पन्नासहून अधिक लहान बेटे आहेत. आपल्याला ती अगदीच परकी नाहीत. भूगर्भातील ज्या उष्ण केंद्रामुळे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा काळा पाषाण तयार झाला, ज्याची झीज होऊन आपली काळी जमीन बनली, त्याच केंद्रामुळे पुढे समुद्रतळावर लक्षद्वीप, मालदीव व चागोस ही रांग उठली. तिच्या माथ्यावर प्रवाळांनी ही बेटे रचली.

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचांनी येथे गुलामांकरवी माड लावले. त्यासाठी मूळचे जंगल तोडले गेले. उंदीर जहाजांतून आले. पुढे १९६८ ते १९७३ या काळात ब्रिटनने दिएगो गार्सियावरील लष्करी तळासाठी सर्व रहिवाशांना बेटांवरून घालवून दिले. माणसे गेली, माड आणि उंदीर राहिले. २०१० साली ब्रिटनने भोवतालचा सुमारे ६,४०,००० चौ. कि. मी. समुद्र संरक्षित घोषित करून व्यापारी मासेमारी बंद केली. असे करताना मॉरिशसच्या हक्कांचा योग्य विचार केला नाही, असा निर्णय २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने दिला, आणि तो रास्तच म्हणावा लागेल. शार्क व इतर मासे चोरून पकडणाऱ्या होड्या नंतरही सापडत राहिल्या. तरीही मोठी मासेमारी थांबली हे खरे. उंदरांना मात्र या घोषणेने काहीच फरक पडला नाही.

शास्त्रज्ञांनी येथील १२ बेटांची तुलना केली. सहा उंदीर असलेली व सहा उंदीर नसलेली. त्यांचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. उंदीर पक्ष्यांची अंडी व पिले खातो. त्यामुळे उंदीर नसलेल्या बेटांवर समुद्रपक्ष्यांची घनता तब्बल ७६० पट जास्त होती. हे पक्षी दूर खोल समुद्रात मासे खातात आणि विष्ठा बेटावर टाकतात. त्यातून जमिनीला वर्षाकाठी हेक्टरी सुमारे १९० किलो नत्र मिळत होते. संकरित मक्याला आपण हेक्टरी १२० किलोची शिफारस करतो, यावरून अंदाज यावा. उंदीर असलेल्या बेटांवर हा आकडा एक किलोही भरला नाही.

पावसाबरोबर हे नत्र किनाऱ्यालगतच्या प्रवाळ खडकांपर्यंत झिरपते. शेवाळात, स्पंजांत आणि माशांच्या मांसातही पक्ष्यांकडून आलेल्या नत्राची खूण सापडली. अशा खडकांवर माशांचे एकूण वजन ४८ टक्के जास्त भरले. २०१५-१६ मध्ये समुद्र तापून येथील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर मेले. ते नुकसान पक्ष्यांमुळे टळले नाही. पण पक्षी असलेल्या बेटांजवळ प्रवाळांची वाढ जलद होते, असे पुढील अभ्यासात दिसले.

वर्गात हे सांगितल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, "मग समुद्रात युरिया टाकला तर?" प्रश्न गमतीचा वाटला तरी महत्त्वाचा आहे. शेतातून किंवा सांडपाण्यातून येणाऱ्या नत्राला स्फुरदाची योग्य जोड नसते. त्याने प्रवाळ अशक्त होतात व शेवाळ त्यांच्यावर मात करते. पक्ष्यांच्या विष्ठेत नत्र व स्फुरद दोन्ही असतात. संतुलित खताचा मुद्दा तिथेही लागू पडतो!

बेटावरील उंदीर काढणे मात्र गोदामातल्यासारखे सोपे नाही. विणीस आलेली एक मादी जरी मागे राहिली तरी सर्व श्रम वाया जातात. शिवाय विषारी आमिष खेकडेच फस्त करतात. चागोसमधील ईगल बेटावर २००६ साली केलेला प्रयत्न फसला. व्हाश मारीन या छोट्या बेटावर मात्र २०१४ साली यश आले. अर्थात उंदीर गेले तरी दाट माडांच्या राईत पक्षी फारसे घरटी करत नाहीत, त्यामुळे जुने माड काढून तेथे मूळची झाडे लावावी लागतात.