इंजिन सोपं, दरवाजा अवघड! घरी बनणाऱ्या गाडीची गोष्ट

गाडीचा दरवाजा आपण दिवसातून कितीतरी वेळा उघडतो आणि लावतो. पण दरवाजा आणि बॉडी यांच्यामधली ती बारीक फट तुम्ही कधी नीट पाहिली आहे का? वरपासून खालपर्यंत सारखी, जेमतेम चार-पाच मिलिमीटरची. कारखान्यात ती साचे आणि रोबो सांभाळतात. तीच फट एखाद्याने घरामागच्या शेडमध्ये, ग्राइंडर, वेल्डिंग मशीन आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर आणायची ठरवली तर?

असं करणारे हौशी लोक जगात भरपूर आहेत. इंजिन, गिअरबॉक्स, चाकं त्यांना जुन्या गाडीतून तयार मिळतात. दरवाजे आणि बॉनेट मात्र बऱ्याचदा स्वतःच घडवावे लागतात. तिथे माप चुकलं तर गाडी नुसती बेढब दिसते असं नाही, चालत्या गाडीत दरवाजा उघडू शकतो. म्हणूनच ही गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे, मग तुम्ही गाडी बनवणार असा किंवा नसा.

किट कारचं माहेर: ब्रिटन

किट कार म्हणजे सुट्या भागांच्या रूपात विकत घेऊन घरी जोडायची गाडी. हा छंद सगळ्यात जास्त रुजला तो ब्रिटनमध्ये. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने लोटस सेव्हन आणली. त्या काळी तयार गाडीवर खरेदी कर लागायचा, सुट्या भागांत घेतली तर तो वाचायचा. त्यामुळे कितीतरी तरुणांनी आपली पहिली स्पोर्ट्‌स कार स्वतःच्या हाताने जोडली. १९७३ मध्ये या गाडीचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले आणि त्याच वळणाची गाडी पुढेही बनत राहिली. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांचं पुस्तक आलं. अवघ्या २५० पौंडांत अशी गाडी घरी कशी बनवायची, हे त्यात सांगितलं होतं. मग तर लोकांनी चासीसुद्धा घरीच वेल्ड करायला घेतली.

गंमत अशी, की मूळ लोटस सेव्हनला पत्र्याचे दरवाजेच नव्हते! लोखंडी नळ्यांचा सांगाडा दोन्ही बाजूंनी उंच होता, तो ओलांडून आत बसायचं. बॉनेटलाही बिजागरी नव्हती, क्लिपा काढून ते अख्खं उचलून बाजूला ठेवायचं. पण पाऊस-थंडीत गाडी वापरायची, घरच्या मोठ्या माणसांना बसवायचं, तर दरवाजा हवाच. आणि खरी कसोटी तिथून सुरू होते.

आधी सांगाडा, मग दरवाजा

पुठ्ठ्याचा बंद खोका हातात घेऊन पिळून बघा, तो फारसा वाकत नाही. आता त्याच्या एका बाजूला मोठी खिडकी कापा आणि पुन्हा पिळा. फरक लगेच कळेल. गाडीच्या सांगाड्यात दरवाज्यासाठी जागा कापली की तेच होतं. म्हणून खालचा उंबरा आणि पुढचा-मागचा खांब आधी भक्कम करावा लागतो. कापण्यापूर्वी त्या जागेत तात्पुरती आडवी-तिरकी नळी टॅक करून ठेवतात, म्हणजे सांगाडा हलत नाही.

मर्सिडीजच्या अभियंत्यांनाही हीच अडचण आली होती. १९५४ च्या ३००एसएल गाडीत नळ्यांचा सांगाडा इतका उंच होता, की नेहमीचा दरवाजा बसेना. त्यांनी बिजागऱ्या छतावर नेल्या आणि दरवाजे पक्ष्याच्या पंखांसारखे वर उघडू लागले.

घरी काम करणाऱ्यांसाठी इथे एक नियम महत्त्वाचा आहे. दरवाज्याची मापं गाडी चारही चाकांवर, सपाट जमिनीवर उभी असताना घ्यायची. जॅकवर किंवा विटांवर ठेवलेल्या गाडीचा सांगाडा किंचित वेगळा बसतो. वर जुळवलेला दरवाजा गाडी खाली उतरवल्यावर घासू लागतो.

बिजागरीचं साधं गणित

पत्रा कापण्याआधी बिजागऱ्या ठरवाव्यात. दोन्हींचा अक्ष एकाच सरळ रेषेत हवा, नाहीतर दरवाजा अर्ध्यावर अडतो. यासाठी सोपी युक्ती म्हणजे दोन्ही बिजागऱ्यांमधून एकच लांब सळई ओवायची, त्या टॅक करायच्या, दरवाजा चार-सहा वेळा उघडून-लावून बघायचा आणि मगच पक्कं वेल्डिंग करायचं. चारही बाजूंना सारख्या जाडीच्या पट्ट्या खोचून ठेवल्या की फटही सारखी राहते.

दोन बिजागऱ्यांमध्ये अंतर किती ठेवायचं? समजा, दरवाजा १२ किलोचा आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून ४५ सेंटिमीटरवर आहे. बिजागऱ्या एकमेकींपासून ३० सेंटिमीटरवर असतील, तर वरची सुमारे १८ किलोच्या जोराने बाहेर ओढली जाते आणि खालची तेवढ्याच जोराने आत दाबली जाते. अंतर १५ सेंटिमीटर केलं, तर हाच जोर दुप्पट होऊन ३६ किलोवर जातो.

आता ३० किलो वजनाचं मूल उघड्या दरवाज्याच्या टोकाला, बिजागरीपासून ९० सेंटिमीटरवर लोंबकळलं, असं समजा. बिजागऱ्या ३० सेंटिमीटर अंतरावर असल्या तरी प्रत्येकीवर आणखी ९० किलोचा जोर येतो! आजोबा मुलांना दरवाज्याला लटकू नका म्हणतात, ते उगीच नाही.

पत्रा कोणता?

एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाड लोखंडी पत्रा भरतो सुमारे ७.८५ किलो. तेवढाच अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा २.७ किलो. अ‍ॅल्युमिनियम हलकं आहे, पण घरी वेल्ड करायला अवघड. शिवाय ते थेट लोखंडाला टेकलं आणि तिथे पाणी शिरलं, की अ‍ॅल्युमिनियम गंजून भुगा होऊ लागतं. म्हणून मध्ये प्रायमर आणि रबराची किंवा टेपची पट्टी हवी. तिसरा पर्याय फायबरचा. तो आपल्यालाही नवा नाही. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म आणि बंगळूरची सिपानी डॉल्फिन, या दोन्ही गाड्यांची बॉडी फायबरचीच होती.

दरवाजा म्हणजे नुसता पत्रा नव्हे. आत चौकोनी पाइपची किंवा घडी घातलेल्या पट्टीची चौकट असते. बाहेरचा पत्रा तिच्यावर ठेवून त्याच्या कडा आत दुमडतात. दुमडलेली कड मजबूत असते आणि हातही कापत नाही. वेल्डिंग एका दमात केलं तर उष्णतेने पत्रा तिरका होतो. म्हणून लहान-लहान टाके, एक इथे, दुसरा समोरच्या टोकाला, आणि मध्ये थंड व्हायला वेळ.

तळाशी पाणी निघून जायला भोकं ठेवायची. काचेच्या कडेने पाणी आत जातंच. त्याला वाट दिली नाही, तर दोन पावसाळ्यांत दरवाजा आतून सडू लागतो.

दोन वेळा ‘खट्’

गाडीचा दरवाजा हळूच लावला तर आधी एक ‘खट्’ होतं, दरवाजा अर्धवट अडकतो. जोर दिला की दुसरं ‘खट्’ होतं आणि तो पूर्ण बसतो. पहिला टप्पा सुरक्षेसाठी आहे. दरवाजा नीट लागला नसला, तरी वळणावर तो सताड उघडू नये. घरच्या गाडीला कपाटाची कडी किंवा गेटचा बोल्ट लावून भागत नाही. भंगारातल्या गाडीचं चांगल्या स्थितीतलं पूर्ण लॅच, त्याच्या समोरच्या खुंटीसकट बसवणं हाच शहाणपणाचा मार्ग.

बिजागरी पुढच्या बाजूला का असते, याचंही उत्तर इथेच आहे. अर्धवट लागलेला दरवाजा वाऱ्याने बंद व्हायला हवा. बिजागरी मागे असली तर वारा आत शिरून दरवाजा उपटून काढतो. १९५३ च्या फियाट ११००-१०३ चे पुढचे दरवाजे असेच उलटे उघडायचे. तिच्याच वंशातल्या आपल्या प्रीमियर पद्मिनीला मात्र पुढे बिजागरी असलेले दरवाजे होते.

बॉनेट: वाऱ्याशी गाठ

ताशी १०० किलोमीटर वेगाला समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ४७ किलो वजनाएवढा असतो. बॉनेटची बिजागरी काचेच्या बाजूला असेल आणि पुढची कडी सुटली, तर ते उलटून काचेवर येतं. चालकाला रस्ताच दिसत नाही. म्हणून अशा बॉनेटला दोन कड्या असतात. एक गाडीच्या आतून सुटते, दुसरी बाहेरून बोट घालून सोडावी लागते.

किट कारवाले बऱ्याचदा बिजागरी पुढे, बंपरजवळ ठेवतात. १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपचं अख्खं नाक असंच पुढे झुकतं. यात वारा बॉनेटला खाली दाबून ठेवतो आणि इंजिनही तिन्ही बाजूंनी मोकळं मिळतं. पण बिजागरीची जागा थोडी चुकली, तर उघडताना पुढची कड बंपरवर आपटते.

यावर उपाय अगदी शाळेतल्या प्रयोगासारखा आहे. बॉनेटचा बाजूने दिसणारा आकार पुठ्ठ्यावर कापा. बिजागरीच्या जागी टाचणी लावून तो फिरवा. कुठे घासतो, हे पत्रा कापण्याआधीच कळतं. बॉनेटच्या आतून फुलीसारख्या पट्ट्या लावतात, म्हणजे मोठा पत्रा वेगात थडथडत नाही.

आपल्याकडे काय?

ब्रिटनमध्ये अशी गाडी रस्त्यावर आणण्याआधी तिची स्वतंत्र सरकारी चाचणी होते. बाहेर आलेल्या कडा टोकदार नाहीत ना, हेसुद्धा तिथे तपासतात. भारतात नवं वाहन विकण्यापूर्वी निर्मात्याला त्याचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. नोंदणी झालेल्या गाडीची मूळ रचना मनाला येईल तशी बदलायलाही मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मनाई आहे. त्यामुळे हौस म्हणून बनवलेली गाडी आपल्याकडे खाजगी आवारातच चालवावी.

पण हातातली कला काही कमी नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून चारचाकी बनवली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ देशभर पाहिला गेला. ती नियमांत बसत नाही, हे सांगतानाच आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो देऊ केली, आणि पुढच्याच महिन्यात ती त्यांना मिळालीही.

तुमच्या गाडीवर आज करून पाहा

• दरवाजा अर्धा उघडा आणि टोकाला धरून हलकेच वर उचला. खटखट हलला, तर बिजागरीची पिन झिजली आहे.

• दरवाजा हळू लावून दोन ‘खट्’ ऐकू येतात का ते पाहा.

• आतली कडी ओढून बॉनेट सोडा, पण बाहेरची कडी दाबू नका. बॉनेट उचलून बघा. ते अडकून राहिलं पाहिजे. सरळ उघडलं, तर आधी गॅरेज गाठा.

• पावसाळ्याआधी दरवाज्यांच्या तळाची भोकं काडीने मोकळी करा.

घरातल्या मुलांना सोबत घ्या. दहा मिनिटांचं काम आहे, आणि बिजागरीचं गणित त्यांना फळ्यापेक्षा गाडीपाशी लवकर कळेल.