कागदांतील कूळकथा (लेखांक ६) : अ. पा. क. आई

विलायतेतील एखाद्या गृहस्थास आपल्या आजोबांच्या जन्माविषयी संशय आला, तर तो प्रथम १९११ च्या शिरगणतीचा कागद मागवतो. त्या वर्षी प्रत्येक विवाहितेस, चालू विवाहापासून अपत्ये किती झाली, हयात किती आणि निवर्तली किती, असे विचारले होते. त्यामुळे ‘झालेली सात, हयात सात’ असे लिहून देणाऱ्या घरात मुलांची नावे मात्र आठ आढळली, म्हणजे आठवे मूल कोणाचे हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याच कागदावर वीस-बावीस वर्षांची अविवाहित थोरली मुलगी असली तर उत्तराची दिशाही दिसू लागते. नातवाला मुलगा म्हणवून घेणाऱ्या आज्या सर्वत्रच असतात. तिकडे हे कागद शंभर वर्षे कुलुपात ठेवून मग खुले करतात. १९२१ चे कागद जानेवारी २०२२ मध्ये खुले झाले.

हाच गृहस्थ मुरबाडकर असता तर? खानेसुमारी आपल्याला काही नवी नाही. पेशवाईच्या दप्तरांत हा शब्द आणि घरांच्या यादीही आहेत. इंग्रजी अमलात १७ फेब्रुवारी १८८१ रोजी साऱ्या देशाची एकाच वेळी शिरगणती झाली आणि १० मार्च १९११ च्या रात्रीही शहापूर-मुरबाडच्या पाड्यापाड्यांतून गणनाकार हिंडलेच असतील. परंतु त्या तक्त्यांवरील मजकूर चिठ्ठ्यांवर उतरवावा, चिठ्ठ्या जातवार, धंदेवार लावाव्यात, बेरजा छापाव्यात आणि मग मूळ कागद रद्दीत काढावेत, अशी सरकारची रीत असल्याने आकडे उरले आणि माणसे गेली. शिवाय घरच्यांनी स्त्रीचे नाव सांगण्यास हरकत घेतल्यास नुसते ‘स्त्री’ असे लिहिण्याची मुभा होती, तेव्हा आईचा शोध तेथेच खुंटला असता. त्यावर कडी म्हणजे १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ अन्वये असे कागद कोणास पाहता येत नाहीत आणि पुरावा म्हणून दिवाणी न्यायालयात चालत नाहीत. गुप्ततेचे तत्त्व मला मान्य आहे. पण शंभर वर्षांनंतर गुप्तता कोणाची राखायची, हे मला उमगलेले नाही.

तेव्हा आपल्याकडे हा शोध महसुलाच्या दप्तरात घ्यावा लागतो, आणि तेथे तो कसा लागतो याचे एक कल्पित, परंतु या मुलखात शोभेल असे उदाहरण घेऊ. किन्हवलीकडच्या एका कुणब्याच्या घरी १९१४ साली मुलगा झाला. १९१८ च्या मानमोडीत बाप गेला. आईने दोन वर्षांनी पाट लावला, आणि पोर धसईला मामाकडे वाढले. मामाने शाळेत घालताना मास्तरांनी बापाचे नाव विचारले असता आपलेच नाव सांगितले. त्यात लबाडी नव्हती, जो खाऊ घालतो तो बाप असा साधा हिशेब होता. आज त्याच्या पणतवंडांपैकी एका शाखेच्या दाखल्यावर एक आडनाव आहे व दुसऱ्या शाखेच्या सातबारावर दुसरे.

प्रथम कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४ पाहावे. येथे नवख्याचा हमखास घोटाळा होतो, कारण जन्माची वर्दी बारशाच्या आधीच दिली जात असल्यामुळे मुलाचे नाव बहुधा नसतेच. ‘मुलगा, बाप अमुक’ एवढेच सापडते. तो मुलगा आपला की त्याचा वर्षभरात दगावलेला भाऊ, हे त्याच पुस्तकातील मृत्यूच्या नोंदी ताडून पाहिल्यावाचून ठरवू नये.

खरा उलगडा फेरफारात होतो. बाप वारल्यावर तलाठ्याने ड-पत्रकात वारसनोंद घातली असणार : ‘खातेदार मयत, वारस मुलगा अज्ञान, अ. पा. क. आई.’ ही तीन अक्षरे म्हणजे ‘अज्ञान पालनकर्ता’, आणि त्यांनी मुलगा, मयत बाप व हयात आई ही तिन्ही माणसे एका ओळीत बांधलेली असतात. पुढची नोंद याहून बोलकी : ‘आईने पाट लावला सबब तिचे नाव कमी, अ. पा. क. चुलता.’ १८५६ च्या विधवा पुनर्विवाहाच्या कायद्याने पाट लावणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरील हक्क संपत असे. बाईच्या दृष्टीने हा अन्यायच. मात्र तिचे नाव कमी करण्यासाठी कारण लिहावे लागले, आणि त्या कारणानेच मुलगा दुसऱ्या नवऱ्याचा नव्हे, पहिल्याचा, हे शंभर वर्षांनी सिद्ध होते. अर्थात हा कागद गावाने व कायद्याने मानलेला बाप दाखवतो. वैवाहिक जीवनात जन्मलेले मूल नवऱ्याचेच, हे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ११२ चे गृहीतक होते, ते आजही नव्या कायद्यात कलम ११६ म्हणून कायम आहे; त्यापलीकडचे रहस्य तलाठ्याला विचारण्यात अर्थ नाही.

ही निव्वळ कुतूहलाची बाब नाही. ठाकूर किंवा महादेव कोळी कुटुंबातील मुलाला ठाण्याच्या तपासणी समितीपुढे जाताना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या पूर्वजाची नोंद लागते, आणि त्या पूर्वजाशी नाते जुळवणारी वंशावळही लागते. मधला एक दुवा मामाच्या नावावर गेला असेल तर सारी साखळी तुटते.

आणि ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती त्याचे काय? कातकऱ्याचे कुटुंब कोळशाच्या भट्टीवरून भट्टीवर फिरले; त्याचा ना फेरफार, ना वारसनोंद, शाळेचा दाखला तर दूरच. त्याचे, त्याच्या बायकोमुलांचे नाव सरकारी कागदावर एकत्र उमटण्याचा बहुधा एकच प्रसंग येत असे, तो शिरगणतीचा, आणि नेमका तोच कागद आपण रद्दीत घातला. जमीनवाल्या कुणब्याला पर्यायी दप्तर मिळते. कातकऱ्याला ते मिळत नाही.

ज्यांना मिळू शकते त्यांनी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करताना केवळ आडनाव लिहून भागवू नये. गावाचे नाव, बापाचे नाव आणि पुढेमागे पाच वर्षांचा अवधी लिहावा, मृत्यूच्या नोंदीही त्याच अर्जात मागाव्यात, आणि १९३० पूर्वीचे रुमाल मोडीत असण्याची शक्यता धरून मोडी वाचणारा सोबत न्यावा. पुढच्या आठवड्यात शाळेचे जनरल रजिस्टर उघडू.